विजयनगरला पोचायला झालेला उशीर

म्हैसूरला उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. माझी हॉस्टेलपासूनची मैत्रीण मीनल इथल्या विजयनगरात राहते, कॉलेजात शिकवते. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. कळलं त्या दिवशी फोन करायचं ठरवलं आणि विसरले. महिन्याने आठवलं, तेव्हा लाजेने केला नाही. मग ती लाजच वाढत गेली. गेल्या वर्षी, बेचाळिसाव्या वर्षी, डॉक्टरांनी मला एडीएचडी, म्हणजे लक्ष भरकटण्याचा आणि विसरण्याचा त्रास, असल्याचं सांगितलं. तेच मीनलला सांगायला मी पुण्याहून आले होते. तिने अकराला बोलावलं होतं. एकला तिचा तास होता.

स्टँडजवळ गरम इडल्या खाल्ल्या आणि विजयनगरवरून जाणारी हुणसूरची बस धरली. शेजारच्या आजी मराठी निघाल्या.

"आमचे पणजे राजाच्या फौजेत होते. आमचं मराठी अर्धं कन्नडच, अल्वा (नाही का)?"

मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या. बाहेर तंबाखू वाळवायच्या उंच भट्ट्या दिसू लागल्या.

"तुला उतरायचं कुठं?"

"विजयनगर."

"अय्यो! ते कधीच मागं पडलं की, कणम्मा (अगं बाई)!"

पर्समधल्या फोनवर मीनलचे चार कॉल येऊन गेले होते. हुणसूरहून उलटी बस मिळून तिच्या दारात पोचले, तेव्हा पाऊण वाजला होता. ती कुलूप लावत होती.

"बस पुढे गेली गं."

"तुझं दर वेळी काहीतरी होतंच."

जिन्यातच मी सगळं सांगितलं. जिना उतरत ती ऐकत होती.

"पटतं मला. तू मुद्दाम नाही केलंस. पण तेरा दिवस बेल वाजली की मी उठायचे, तू आली असशील म्हणून. त्या दिवसांचं मी काय करू?"

"उद्या थांबू? निवांत बोलू."

"नको. तू येते म्हणालीस की मी वाट बघत बसते. आता नाही झेपत मला."

तिने मला रिक्षात बसवलं, रिक्षावाल्याला कन्नडमध्ये स्टेशन सांगितलं आणि कॉलेजच्या दिशेने चालू लागली.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसले. श्रीरंगपट्टणची कावेरी मागे गेली. निदान झालं, तेव्हा वाटलं होतं, कारण सापडलं, आता माणसं परत मिळतील. पण ते कारण माझ्या कामाचं होतं. मीनलच्या हाती त्यातलं काहीच लागत नव्हतं.

बंगळूर येईपर्यंत मी तिला फोन केला नाही. या वेळी विसरले नव्हते.