कल्हईतलं शिसं

सुनीती गोडबोले बारा वर्षं फरीदाबादच्या एका प्रयोगशाळेत धातूचे नमुने ॲसिडात विरघळवत होती. ओढण्यांना भोकं पडायची, घसा खवखवायचा. मग लेझरचं मशीन आलं आणि तिचे दिवस पालटले. लेझर धातूवर आदळला की कणभर धातूची वाफ होऊन ठिणगी उडते. त्या ठिणगीच्या प्रकाशात प्रत्येक मूलद्रव्याची रेघ आपापल्या जागी उमटते. सुनीतीला याची इतकी हौस, की ती घरचे चमचे, कड्या, कुलपंही तपासायला न्यायची.

एकदा तिनं दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या आपल्या सरकारी क्वार्टरमधलं, नुकतीच कल्हई केलेलं पितळी पातेलं नेलं. पहिल्याच ठिणगीत शिशाची ठळक रेघ! याच पातेल्यात तिच्या लेकाची, वेदांतची खीर शिजली होती.

"पितळेत थोडं शिसं असतंच, मॅडम," तिचे साहेब शशिकांत म्हणाले. "बिल्कुल टेन्शन घेऊ नका."

"मग खोल जाऊन बघू या, सर."

एकाच जागी ती लेझर मारत गेली. खळगा केसाकेसानं खोल होत गेला. आधी कथील आणि शिसं. साठेक ठोक्यांनंतर दोन्ही जवळजवळ गायब, खाली तांबं आणि जस्त. शिसं कल्हईतलंच होतं.

हे सांगताच कल्हईवाला मुरलीधर भडकलाच. "तीस साल से यही काम कर रहा हूँ!" पण मग पिशवीतली कथलाची कांडी त्यानं स्वतःच पुढे केली. "ये भी देख लो."

शुद्ध म्हणून विकत घेतलेल्या त्या कांडीत भरपूर शिसं निघालं. ऐकून मुरलीधरनं हातातला भाता थांबवला. "मेरे घर के बर्तन भी इसी से किए हैं, मॅडम."

"चलो," सुनीती म्हणाली, "या कांडीनं कल्हई केलेली सगळी भांडी परत मागवू."

त्यानं नवी कांडी आणली, तिनं ती आधी तपासली. दोन रविवार दोघांनी क्वार्टरचे जिने चढून भांडी गोळा केली आणि मुरलीधरनं त्यांना पुन्हा कल्हई केली. फक्त शेजारच्या चंद्रप्रभाकाकू अडून बसल्या. "माझ्या पातेल्याला काही झालेलं नाही!"

"काकू, तुम्हीच येऊन बघा ना."

सोमवारी काकू मेट्रोनं, पातेलं मांडीवर घेऊन, खरंच फरीदाबादला आल्या. सुनीतीनं त्यांना संरक्षक चष्मा चढवला. पातेल्यावर टिचकन ठिणगी उडाली, पडद्यावर शिशाची रेघ उभी राहिली. काकूंनी पातेलं फिरवून दुसरी बाजू पुढे केली. मग पदर खोचत म्हणाल्या, "आता बटण मी दाबते."