परदेशी दुकानाच्या दारात

काल बीडच्या स्टँडजवळ एका दुकानातून कॉफीचा कडवट, भाजका वास आला आणि मी पंधरा वर्षं मागे, आमच्या गावच्या माळावर गेलो. तिथे पवनचक्क्या उभारणाऱ्या परदेशी कंपनीने स्वतःच्या माणसांसाठी दुकान थाटलं होतं; त्याच्या दारातही हाच वास यायचा. गावकऱ्यांना आत मज्जाव होता, आणि दारावरचा पहारेकरी मीच होतो.

एका रणरणत्या दुपारी शेजारचे रशीदचाचा आले. नात तापाने फणफणली होती. कपाळावर ठेवायला त्यांना बर्फ हवा होता. दारातून गार हवा अंगावर येत होती. मी हात आडवा केला.

"चाचा, गावच्या माणसाला आत सोडायचं न्हाई."

"मी गावचा. अन् तू कुठला हायेस?" एवढंच विचारून ते परतले.

ही गोष्ट गावभर झाली आणि दुसऱ्या दिवसापासून गावाने कंपनीला जाणारं दूध आणि पाण्याचे टँकर अडवले. आठवड्यात बंदी उठली. मी धावतच चाचांकडे गेलो. नात बरी होऊन अंगणात खेळत होती.

"चाचा, आता या दुकानात."

"ऱ्हाऊ दे बाळा," ते शांतपणे म्हणाले.

तेव्हा सगळा दोष मी बंदी घालणाऱ्या कंपनीच्या साहेबाला दिला होता; पण दारात आडवा झालेला हात माझाच होता. पुढे चाचा वारले, आणि त्यांची माफी मागायची राहूनच गेली.