भलरीतली वाकडी जागा

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळंबहून येडशीकडं येणाऱ्या एसटीत होते. खरं सांगते, डोक्यात पहिल्यांदा आलं ते हेच, आता माझा फोन ज्वारीच्या कणगीत कोण ठेवायला लावणार... आप्पा म्हणजे माझे पणजोबा. गाणं म्हणायचं झालं की त्यांची एकच अट, आधी फोन कणगीत, वर झाकण. मी म्हणायचे, आप्पा, रेकॉर्ड नाही करत, शपथ. ते म्हणायचे, "तू न्हाय करत गं. त्यो करतोय का, ते कुनाला ठावं?" काही आठवडे झाले, पण त्यांच्या खोलीत शिरलं की माझा हात अजून खिशाकडं जातो.

लई संशयी माणूस. दुधावर संशय, हवामानाच्या बातम्यांवर संशय, डॉक्टर हसून बोलला तर जास्तच. सगळ्यात जुना संशय मात्र एका गाण्यावर होता, आणि तो निजामाच्या राज्यातला होता.

तेव्हा आप्पा विशीच्या आतले. बार्शीला, म्हणजे इंग्रजांच्या हद्दीत जाऊन पेटी शिकलेले, सारेगम कागदावर लिहायला तर नुकतेच शिकलेले. नवीन शिकलेल्या माणसाला काय, दिसेल ते लिहू वाटतं. ज्वारी काढताना बाया म्हणतात ती भलरी उतरवून घ्यायची असं त्यांच्या मनानं घेतलं. शेजारच्या गावात काशीआक्का भलरी सांगायची, बाकीच्या मागनं ओढायच्या. आप्पा बांधावर बसून लिहायला लागले, आणि पहिल्याच ओळीत अडकले. आक्काचा सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधेच कुठंतरी उभा, मग लिहायचा कुठला? ताल म्हणावा तर विळ्याचा. ज्वारीचं ताट जाड लागलं की मात्रा लांबली, कुणी घाम पुसला की अर्धी ओळ हवेत... पुन्हा म्हणा म्हणलं की दुसरंच निघायचं. शेवटी त्यांनी विळ्याच्या प्रत्येक घावाला कागदावर एक उभी रेघ मारायला सुरुवात केली.

तिथंच घात झाला. ते लेव्हीचे दिवस, सरकार शेतकऱ्याच्या दारातनं धान्य मोजून न्यायचं. पिकाकडं बघत रेघा मारणारा परका पोरगा म्हणजे कोण? पेंढ्या मोजणाराच की. आक्कानं विचारलं, "कुनाचा मानूस रं तू?" आप्पा म्हणाले, गाण्याचा. बाया खो खो हसल्या, आक्का हसली नाही. पण त्यानंतर तिनं कुरकुर न करता तीच ओळ, तशीच्या तशी, लागेल तितक्यांदा म्हणून दाखवली. मला तर तिथंच संशय आला असता. आप्पांना नाही आला, तेव्हा ते अजून भोळे होते.

कागद झोळीत घालून ते येडशी स्टेशनात बार्शीच्या गाडीची वाट बघत बसले, आणि पोलिसांनी धरलं. अक्षरांच्या डोक्यावर टिंबं, पायाशी टिंबं, खाली आडव्या रेघा. अमीन, म्हणजे तेव्हाचा फौजदार, त्यानं कागद उलटा केला, सुलटा केला, म्हणाला, "ये कौन सी जुबान है?" गाणं आहे म्हणून कोण ऐकतंय! निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या हद्दीपलीकडच्या कॅम्पातला गुपचूप निरोप असणार, असं सगळ्यांचं पक्कं झालं. तसलं काही निघालं तर तुरुंग ठरलेला. मग अमीनानं युक्ती काढली. गाणं आहे ना, मग कागदावर बघून म्हण, आणि जिचं आहे तिला बोलवा.

आक्का आली. आप्पांनी कागदावर बघून म्हणलं. अमीनानं विचारलं, हे तुझं गाणं का? आक्का म्हणाली, "न्हाय."

इथं आले की आप्पा दरवेळी थांबायचे, सावकाश बशीतला चहा प्यायचे. मी नुसती तडफडायचे...

आक्कानं पदर नीट केला आणि पुढं बोलली, "आमचं न्हाय, पर म्या जे सांगितलं त्येच लिव्हलंय पोरानं. लेव्हीचा मानूस वाटला, म्हनून एका जागी वाकडं सांगितलं. ऐका." पोलिसांसमोर लेव्हीचं नाव काढायला काय छाती लागली असेल! तिनं ती वाकडी भलरी म्हणली, आप्पांनी कागदावरून सोबत म्हणली, ठाण्यातला कारकून टिंबांवरून बोट फिरवत गेला. दोघं कुठंच एकमेकांपासून सुटले नाहीत. अमीनानं कागद आप्पांच्या अंगावर टाकले आणि जा म्हणाला.

बाहेर आल्यावर आप्पांनी पहिलं काय विचारलं असेल? वाकडी जागा कुठली. आक्का म्हणाली, "तू कुनाचा ते आदी कळू दी." पुढं निजामाचं राज्य गेलं, आप्पांचं लग्न झालं, पोरं झाली. दर सुगीला ते तिच्या बांधावर जायचे, आणि दरवेळी ती हसून वेगळीच जागा दाखवायची. खरी कुठली ते न सांगताच गेली. आप्पांचा संशय एका गंधारावर बसला. त्यांनी काय केलं, तर पेटी उघडली आणि त्या पट्टीखालची हवेनं बोलणारी पितळेची पत्ती काढूनच टाकली. खात्री नसलेला सूर वाजवायचा न्हाय, म्हणे. त्यामुळं आमच्या घरात आरतीसुद्धा एका जागी खड्ड्यात जाते.

परवा काकानं पेटी दुरुस्त करणारा आणला. ती पत्ती पेटीतच निघाली, फडक्यात गुंडाळलेली. बसवू का, त्यानं विचारलं. काका हो म्हणायच्या आत मी नको म्हणलं.

सगळे गेल्यावर मी फोन कणगीत ठेवला, झाकण लावलं, भात्याला हात घातला आणि भलरी धरली. ती जागा आली. पट्टी दाबली, नुसती हवा गेली... तेवढा सूर मी तोंडानं म्हणला. सरळ का वाकडा, ते आता फक्त कणगीला ठावं, आणि कणगीवर आप्पांचा कधी संशय नव्हता.