तळ्याकाठची तुटलेली केबल

ती सकाळ मी आजही विसरलेलो नाही.

हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाणेदार होतो. गावाला लागून तळं. काठावर नव्या पायऱ्या बांधल्या होत्या, पाण्यावर तरंगते सौर पॅनल बसवले होते. त्यावर दिवे आणि कारंजं चालणार होतं, चाचणी सुरू झाली होती. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पहाटे कारंज्याची केबल कुणीतरी तोडली. फिर्याद आली, गुन्हा दाखल झाला. खबऱ्याने सांगितलं, कुऱ्हाड घेतलेली बाई दिसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिला शिपायाने तिला ठाण्यात आणलं. साखरा गावाकडून शेळ्या घेऊन आलेली पन्नाशीची बाई.

"कुणी पाठवलं तुला?" मी तासभर हेच विचारत होतो.

"कोनीच न्हाई, साहेब. मीच तोडली."

तिनेही हेच चार वेळा सांगितलं. शेवटी मी पंचनामा पुन्हा उघडला. एकच घाव. केबल जागेवरच पडलेली. तांब्यासाठी तोडणारा ती सोडून कशाला जाईल?

"काहून तोडली?"

"पान्यात करंट हाय. शेळीनं तोंड लावलं अन् जागीच मेली. वॉचमनला सांगितलं, तर तो हसला. बाया तिथंच धुनं धुवून राहिल्या, साहेब. मंग काय करू?"

मी कारंज्याच्या ठेकेदाराच्या सुपरवायझरला फोन लावला.

"केबल जोडली, साहेब. शाळेच्या पोरी आल्यात, पाच मिनिटांत कारंजं सुरू करतो."

"बटणाला हात लावू नका!" मी ओरडलो, पण फोन कट झाला होता. पुन्हा लावला, लागेना.

जीप बाजारात अडकली. मी उतरून पळत सुटलो. खालच्या पायरीवर दहा-बारा मुली पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. सुपरवायझर बटणांच्या पेटीजवळ उभा होता. मी त्याचा हात धरून त्याला मागे ओढलं.

मुलींना दूर नेलं. वायरमनने पुरवठा सुरू करून तपासलं. पंपाजवळचा जोड उघडा पडला होता, पायरीलगतच्या पाण्यात वीज उतरत होती.

गुन्हा नोंदलेला असल्याने कागद कोर्टात गेलेच. तिने केबल का तोडली, ते मी अहवालात स्पष्ट लिहिलं. तिची सुटका झाली. हयगयीचा गुन्हा ठेकेदारावर दाखल झाला.

तोवर माझी बरीच नोकरी झाली होती, माणसं ओळखता येतात असं वाटायचं. पण त्या तासाभरात तिच्या मागे कोण आहे हे शोधताना समोर बसलेल्या बाईचं मी ऐकलंच नव्हतं.