आमच्या घरातला दिवाण

माझे वडील पोलादपूरचे सुतार. तुडीलची मंडळी मला बघायला आली, तेव्हा बाबांनी मुलाच्या आईला आग्रहानं दिवाणावर बसवलं. मी चहा घेऊन बाहेर आले आणि फळी मोडली. बाई मधोमध आत खचल्या. नव्या साडीवर भुगा, त्यात पांढऱ्या अळ्यांसारखं काहीतरी वळवळत होतं.

आईनं त्यांना हात देऊन उठवलं. बाबा मान खाली घालून म्हणाले, "इकतचा हाय तो. माझ्या हातचा नाय."

तो त्यांनीच केला होता, आंब्याच्या लाकडाचा. बाबांची नि माझी नजरानजर झाली आणि मी कपांकडे बघू लागले. बाबा आत गेले ते पाहुणे जाईपर्यंत ओटीवर आले नाहीत.

वाळवीवर त्यांची कायम नजर असायची. पण त्यांना ठाऊक असलेली वाळवी जमिनीतली. तिला ओल लागते, भिंतीवरून मातीच्या नळ्या काढत ती वर चढते, त्यामुळे दिसते तरी. बाबा नळ्या खरवडायचे, दिवाणाच्या पायांना डांबर फासायचे. ही निघाली दुसरी. हिला माती लागतच नाही. पंखवाली जोडी उडत येऊन एखाद्या फटीत शिरते आणि कोरड्या लाकडाच्या पोटातच पिढ्या वाढवते. बाहेर पडते ती फक्त खसखशीसारखी विष्ठा. आई रोज दिवाणाखालून ती झाडत होती. सुताराच्या घरात भुसा असायचाच, असं आम्हा सगळ्यांना वाटायचं.

लग्न मात्र ठरलं, झालंही. पुढच्या उन्हाळ्यात सासूबाईंनी बाबांना कपाट करायला बोलावलं. ते आले, पण हत्यारांची पिशवी सायकललाच अडकवलेली ठेवली. पाणीही न घेता दारात उभे राहून म्हणाले, "तो दिवाण मीच केलेला. त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोललो."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्या खडे वेचतच राहिल्या. मला वाटलं, आता बाबा माघारी जाणार. आत जावं की इथंच थांबावं, मला कळेना. मग सासूबाईंनी सूप बाजूला सारलं.

"मग लाकूड या वेळेला आतून बघून घ्या," त्या म्हणाल्या.

बाबांनी कपाट केलं. जेवायला आत बोलावलं तरी ते पडवीतच बसले आणि मी वाढत असताना त्यांनी मान वर केली नाही.