कोल्ह्याचा कान

सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला तेव्हा मी पावणे गावातल्या आमच्या पत्र्याच्या कंपनीत डबा उघडून बसलो होतो. आमच्या बिल्डिंगची टेरेस, पाण्याच्या टाक्या आणि त्यांच्यामधून हातापायांवर धावणारी एक मुलगी. तोंडावर मुखवटा होता, पण पायांतले हिरवे मोजे मीच आणलेले होते. खाली सेक्रेटरीने लिहिलं होतं, ‘टेरेसवर मुलं कुत्र्यासारखी धावतात, पालकांनी लक्ष द्यावं.’ मुलं म्हणे! एकच होती, आणि ती माझी होती. मी घाईघाईने लिहिलं, ‘मुलगी खेळत होती, सॉरी,’ आणि दिवसभर कोणाचाच फोन उचलला नाही.

सानपाड्याला घरी पोचलो तो पारा चढवूनच. मुलगी अठरा वर्षांची, बारावी पास होऊन पुण्याला कॉलेजात अॅडमिशन घेतलेली. तीन आठवड्यांनी ती हॉस्टेलवर जाणार होती. मी मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. “हे काय आहे? कुत्रा झालीस का?”

“कुत्रा नाही,” ती म्हणाली. “कोल्हा.”

मला वाटलं, चेष्टा करतेय. पण ती खुर्चीवर नीट बसली आणि सांगायला लागली. हे सगळं तिने मनात बरेचदा बोलून पाहिलं असावं. “पप्पा, मी माणूस आहे हे मला कळतं, आरशात दिसतंच की. पण आतून मी स्वतःला कोल्हा म्हणूनच ओळखते, अगदी लहानपणापासून. असं वाटणारे आणखी लोक आहेत, आम्ही मोबाइलवर बोलतो. मी कोणाला चावत नाही, कोणाला सांगत फिरत नाही. कधीकधी तसं धावलं की बरं वाटतं.”

यातलं निम्मंच माझ्या कानात गेलं. माझं डोकं ग्रुपवर अडकलेलं. चारचौघांत मान वर करून कसं चालायचं, एवढंच मला दिसत होतं. टेबलावर तो मुखवटा होता. कागदाचा लगदा भिजवून, थर चढवून, तिने दोन महिने खपून केलेला. मी तो उचलून जमिनीवर आपटला आणि वर पाय दिला. एक कान तुटला, जबडा चेपला. ती रडली नाही. “आणि मी खेळत नव्हते,” एवढं म्हणून आत निघून गेली.

त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. “आई, त्यांना सांग, आमटी संपली,” असं माझ्यासमोर बसून. पोरीत हट्ट माझाच उतरलाय. ती अशीच बॅग उचलून जाईल, सणावाराला येईल, आईशी बोलेल आणि परत जाईल, हे मला स्पष्ट दिसत होतं. त्याची मला भीती वाटत होती. पण माफी मागायची सवय आमच्या घरात कोणा पुरुषाला नाही, मलाही नव्हती. म्हणून मी दुसराच उपाय काढला.

आम्ही इथलेच. नवी मुंबई आमच्या गावाभोवती नंतर उभी राहिली. आमच्यात अंगात येणं ही काही नवलाची गोष्ट नाही. उरणला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीच्या अंगात दर मंगळवारी देवी येते. बायका लांबून आपली दुखणी घेऊन येतात. मी सरळ हिशेब केला, पोरीच्या अंगात कोल्हा शिरलाय, देवी त्याला बाहेर काढील. कुणाला विचारलं नाही. पोरीला फक्त आईकरवी सांगितलं, आत्याकडे जाऊन येऊ. आत्यावर तिचा भारी जीव. ती मुकाट्याने स्कूटरवर मागे बसली.

दुपारचे चार वाजलेले. बहिणीच्या बाहेरच्या खोलीत पाचसहा बायका, धूप, ताटात लिंबं. बहिणीचे केस सुटले, ती घुमायला लागली. मी पोरीला दंडाला धरून पुढे बसवलं. बहिणीने लिंबू तिच्या डोक्यावर धरलं आणि तिथे सगळ्यांनाच विचारतात तेच तिला विचारलं. “कोन हाय तू? कुठशी आली? काय पायजे तुला?”

पोरीने आधी माझ्याकडे बघितलं. तिला कशासाठी आणलंय ते त्या क्षणी तिला कळलं. ती नजर मी अजून विसरलेलो नाही. मग ती बहिणीकडे वळून म्हणाली, “मी हिची भाची. सानपाड्याहून आले. मला काही नको.”

बहीण तशीच थांबली. लिंबू खाली ठेवलं. त्या मंगळवारी देवी लवकर गेली.

नंतर स्वयंपाकघरात बहिणीने मला झाडलं. पोर मागच्या पडवीत होती. “तुला कोनी सांगला हिचे अंगान काय शिरलंय? माजे अंगान येतं तवा मी नसतंय तिथं. उठल्यावर बायांना ईचारतंय, काय बोलली मी? ही तर सगली शुद्धीवर हाय. येऊन जानारं दुसरं कोनी नाय तिचे अंगान. हाय ती तीच हाय.” मग चहाचं भांडं आपटत म्हणाली, “पोरीला कोन हाय म्हनून मी ईचारलं, ते पन मी नव्हं, देवीनं. तू ईचारलंस कवा?”

मी म्हटलं, विचारलं होतं की. पण ‘कुत्रा झालीस का’ हे काही विचारणं नव्हे, हे बोलताबोलताच माझ्या लक्षात आलं.

बहीण चहा घेऊन पडवीत गेली. मी आतच बसून राहिलो. बाहेर दोघी बोलत होत्या, आणि बहीण विचारत होती, अगदी मासळी ताजी आहे का विचारावं तसं. “शेपटी हाय असं वाटतं तुला?”

“कधीकधी. मग मागे हात नेते, तर नसते. जरा वाईट वाटतं.”

“दुखतं?”

“नाही गं आत्या. चुकल्यासारखं वाटतं.”

बशी सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “बिस्कीट घे.”

मला एकदम आठवलं. पोर पाच वर्षांची असताना संध्याकाळी खाडीकडच्या कांदळवनातून कोल्ह्यांची ओरड यायची. आमच्या लहानपणी ते सुकत घातलेल्या मासळीवर यायचे आणि आम्ही दगड मारायचो, त्यामुळे मला त्यांचं कौतुक नव्हतं. ही मात्र खिडकीचे गज धरून उभी राहायची. ओरड थांबेपर्यंत जेवायला यायची नाही. आम्ही नवराबायको हसायचो. तेरा वर्षं ती आमच्या डोळ्यांसमोर होती.

परतताना कंटेनरच्या रांगांमधून स्कूटर काढत आलो. पूर्वीसारखा तिने माझा खांदा धरला नाही. मागचा दांडा धरून बसली होती.

मुखवटा बायकोने माळ्यावर जपून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी मी तो पिशवीत घालून कंपनीत नेला. माझं कामच पत्र्याचं. जेवणाच्या सुट्टीत अॅल्युमिनियमची पातळ पट्टी कापली, जबड्याला आतून आधार दिला, कान दोन रिवेट मारून बसवला. शेजारच्या मशीनवरच्या माणसाने विचारलं, “नाटकातलं आहे का?” हो म्हणणं सोपं होतं. तोंडाशी आलंही होतं. मी म्हटलं, “नाही, मुलीचं आहे. ती वापरते.” तो आपल्या मशीनकडे वळला.

संध्याकाळी मी तो टेबलावर, आपटला होता त्याच जागी ठेवला. ती आली, बघत उभी राहिली. बोटाने रिवेट चाचपली. “माझं चुकलं,” मी म्हटलं. “मुखवट्याचं, आणि उरणचंही.”

तिने मुखवटा उजेडाकडे धरून फिरवून पाहिला. मग म्हणाली, “कान चुकलाय.”

एकवीस दिवसांपैकी तेरा गेले होते, आणि आईला मध्ये न घालता ती मला सांगत होती की माझं काम चुकलंय.

“कसा हवा?”

“हा कुत्र्याचा झालाय, पडका. कोल्ह्याचा उभा असतो.” मग थांबून तिने माझ्याकडे बघितलं. “पप्पा, खरंच विचारताय?”

हे तिला विचारावं लागलं याचं मला फार वाईट वाटलं. मी बॅगेतून पक्कड काढली, खुर्ची ओढली आणि म्हटलं, “खरंच. तुला आतून कसा वाटतो, तसा सांग. तसाच बसवू.”

तिने डोळे मिटले आणि स्वतःच्या डोक्यावर, केसांच्या जरा वर, रिकाम्या जागी बोट टेकवलं. “इथे,” ती म्हणाली.

मी तिथे बघितलं आणि त्या अंदाजाने पट्टी वाकवली.