नळ, नारळ आणि सूनबाईचा नियम

घरात साहेब असला की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. मी सांगते, नात मोबाईलवर उतरवून घेते.

तर पुनावळ्यात एक घर होतं. त्यात एक सासू, म्हणजे मी. महाळुंग्याच्या कंपनीत शिफ्ट करणारा माझा प्रकाश. आणि त्याची बायको वैशाली, सरकारी साहेब. मोबाईलवर कुणी वाईटसाईट टाकलं की लोक तिच्या ऑफिसात तक्रार करतात. काय ठेवायचं, काय काढायचं, ते ती ठरवते. घरात सगळं होतं, फक्त नळाला पाणी नव्हतं. नळ बसून चार वर्षं झाली, तरी आम्ही टँकरचीच वाट बघायचो.

वैशालीचा नियम साधा. खोटं असेल, धमकी असेल, कुणाचा नंबर-पत्ता चव्हाट्यावर मांडला असेल, तर काढायचं. नुसतं टोचतं म्हणून काढायचं नाही.

*

माझ्या लेकीनं घरच्या ग्रुपवर टाकलं, "वहिनीच्या पुरणपोळ्या तव्यावरच फुटतात."

प्रकाश चिडला. "अगं, तू साहेब ना? काढायला लाव ते."

वैशाली पोळी उलटत होती. ती फुटली.

"खरं आहे," ती म्हणाली. "राहू दे."

*

एकदा मला बँकेतून म्हणून फोन आला. "आजी, मोबाईलवर आलेला नंबर वाचून दाखवा."

"बाबा, मी शाळेत गेलेली न्हाई. तूच ये अन् वाच. माझी सून असल्याच फोनवाल्यांना शोधती, ती चहा पाजंल तुला."

फोन कट. ताथवड्याच्या कॉलेजात पोरांना सावध करायला जाते, तेव्हा वैशाली हा किस्सा सांगते. म्हणते, "आमच्या आईंसारखं अडाणी व्हा."

*

शेजारचे तात्या एकटेच, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. कुणीतरी त्यांचा बनियनवरचा फोटो टाकला, खाली फोन नंबर, वर लिहिलं, "बायको पाहिजे." दिवसभर फोन. तात्या रडकुंडीला आले. नंबर दिसल्याबरोबर वैशालीनं तासाभरात तो फोटो काढायला लावला.

संध्याकाळी तात्या ओट्यावर. "सूनबाई, उपकार झाले."

"अहो, कामच आहे ते."

"पण एवढी घाई नव्हती. शेवटची बाई चाकणची होती, चांगलं बोलत होती."

*

मग आमच्या भागात नवी टाकी झाली. आमच्या वॉर्डातून निवडून आलेल्या मेंबरनं फीत कापली, नारळ फोडला. मी रिकामा हंडा घेऊन पुढं गेले.

"मेंबर, चार वर्षांत आमच्या गल्लीत आलेलं पाणी म्हंजी तुमच्या ह्या नारळातलं. तेवढं तरी हंड्यात वता."

तात्यांनी त्याचा व्हिडिओ करून मोबाईलवर टाकला. दोन दिवसांत तो पार चाकणपर्यंत गेला. मेंबरची तक्रार आली: बाई खोटं बोलते, व्हिडिओ काढून टाका. ती नेमकी वैशालीच्या टेबलावर!

"गप काढून टाक," प्रकाश म्हणाला. "न्हाईतर बदली व्हईल तुझी."

वैशाली जेवली नाही. मला म्हणाली, "आई, काढला तर तुमचं तोंड बंद केल्यासारखं होईल. ठेवला तर म्हणतील, सासूला सांभाळलं."

सकाळी तिनं कागदावर लिहून दिलं, ही बाई माझी सासू आहे, निकाल दुसऱ्यानं द्यावा. प्रकरण मोठ्या साहेबांकडं गेलं. ते म्हणाले, खरं-खोटं कागदावर कशाला, सोमवारी जाऊन नळच सोडून बघू.

ही बातमी मेंबरला लागली. रविवारी दिवसभर त्याची माणसं आमच्या गल्लीतला रस्ता खणत होती.

सोमवारी साहेब आले. तात्या, मेंबर, सगळी गल्ली गोळा. साहेबांनी नळ सोडला. आधी खोकला, मग गंज, मग हे धो धो पाणी. मेंबर हसला.

साहेब म्हणाले, "आजी, पाणी तर येतंय. मग व्हिडिओ काढायचा का?"

मी हंडा नळाखाली लावला.

"काढा की साहेब. फक्त पाणी गेलं, की त्याच दिवशी परत लावा."

साहेबांनी मेंबरकडं बघितलं. मेंबर हंड्याकडं बघत होता.

तेव्हापासून आमच्या नळाला एका दिवसाचा खंड नाही.